पन्नासावं मत

(पोटोमॅक नदी, वॉशिंग्टन. धक्क्याला लागलेली हाउसबोट. भोवती कयाक.)

सप्टेंबर २०२१ संपत आलाय. या हाउसबोटीचं नाव 'ऑलमोस्ट हेवन'. तिला घेरून बसलेली ही माणसं वेस्ट व्हर्जिनियातून आली आहेत, आणि वरच्या कठड्यावरून त्यांच्याशी बोलणारे गृहस्थ त्यांचेच, डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर आहेत. जो मॅन्चिन. वॉशिंग्टनमध्ये असले की मुक्काम याच बोटीवर.

खालून येणारा प्रश्न एकच आहे. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या हवामान आणि सामाजिक खर्चाच्या विधेयकाला तुम्ही हो म्हणणार की नाही?

(मूळ आवाज. निवेदन नाही.)

एका सिनेटरला गाठायला लोक नदीत उतरले, त्याची सुरुवात जॉर्जियात झाली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकल्या आणि शंभर जणांची सिनेट बरोबर मधोमध दुभंगली. ५० विरुद्ध ५०. बरोबरी झाली तर उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत निर्णायक. सत्ता आली खरी, पण आपल्यातला एकही जण हलला तर संपलं.

आपल्याकडे अशा वेळी व्हिप निघतो. पक्षाचा आदेश मोडला तर १९८५ पासून आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत असला कायदाच नाही. तिकीटही दिल्लीसारखं वरून येत नाही, राज्यातले मतदार प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात, ठरवतात. मॅन्चिन यांच्या राज्याने २०२० मध्ये ट्रम्प यांना ६८ टक्क्यांहून अधिक मतं दिली होती. अशा सिनेटरला राष्ट्राध्यक्ष बायडेन धमकावणार तरी कशाच्या जोरावर?

(मॅन्चिन यांची २०१० ची प्रचाराची जाहिरात. रायफल. गोळी.)

ही जाहिरात २०१० ची. निशाण म्हणून लावलेला कागद म्हणजे कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारं विधेयक, तेही त्यांच्याच पक्षाने आणलेलं. मॅन्चिन नेम धरतात आणि त्यावर गोळी झाडतात. २०२१ मध्ये ज्यांना धक्का बसला, त्यांनी ही जाहिरात पाहिली नसावी.

त्या वर्षी ज्या जागेवर ते निवडून आले, ती रॉबर्ट बर्ड यांच्या निधनाने रिकामी झाली होती. बर्ड यांचं नाव या कथेत पुन्हा आडवं येतं. सिनेटमध्ये नेहमीचं विधेयक पुढे सरकायला ६० मतं लागतात. एक आडवाट आहे, १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यातली. तिला रिकन्सिलिएशन म्हणतात. त्या वाटेने साधं बहुमत पुरतं. मात्र तिच्यावर एक नाका आहे, तो बर्ड यांनी बसवलेला 'बर्ड नियम': ज्या तरतुदीचा सरकारी जमाखर्चाशी खरा संबंध नाही, ती बाहेर. किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याची तरतूद फेब्रुवारीत याच नियमावर अडली. स्थलांतरितांचा मुद्दा सप्टेंबरमध्ये अडला. म्हणून जे काही करायचं ते एका गाडीत भरून, याच वाटेने, पन्नासच्या पन्नास मतांनी.

(कॅपिटॉलच्या पायऱ्या. सँडर्स पत्रकारांच्या गराड्यात.)

त्या गाडीचं नाव 'बिल्ड बॅक बेटर'. पुरोगामी सिनेटर बर्नी सँडर्स यांना ६ लाख कोटी डॉलर हवे होते. जुलैत तडजोड झाली ३.५ लाख कोटींवर, दहा वर्षांत. पाळणाघरांना मदत, बालवाडी मोफत, आजारपणात पगारी रजा, औषधांच्या किमतींवर लगाम. आणि हवामान.

हवामानाच्या भागाचा कणा होता १५,००० कोटी डॉलरचा वीज कार्यक्रम. जी वीज कंपनी दरवर्षी स्वच्छ विजेचा वाटा चार टक्क्यांनी वाढवेल तिला अनुदान, जी वाढवणार नाही तिला दंड. अमेरिकेने हवामानावर लिहिलेल्या मसुद्यांपैकी हा सर्वांत सरळ मसुदा होता, असं आमचं मत आहे. दंड आणि बक्षीस, मध्ये काही नाही.

दुसरीकडे एक वेगळं विधेयक तयार होतं: रस्ते, पूल, पाण्याच्या नळवाहिन्या. त्याला रिपब्लिकनांचीही साथ होती. १० ऑगस्टला सिनेटने ते ६९ विरुद्ध ३० मतांनी मंजूर केलं. आता उरलं संसदेचं दुसरं सभागृह, प्रतिनिधी सभागृह. भांडण पेटलं ते इथून पुढे, आणि ते रिपब्लिकनांशी नव्हतंच.

(प्रतिनिधी सभागृहाबाहेरचा मार्ग. प्रमिला जयपाल. नंतर जॉश गॉटहायमर.)

प्रमिला जयपाल यांचा जन्म चेन्नईचा. पक्षातल्या पुरोगामी गटाच्या त्या तेव्हाच्या अध्यक्ष. त्यांचं म्हणणं साधं होतं: दोन्ही विधेयकं एकाच दाव्याला बांधलेली राहतील. रस्त्यांचं आधी मंजूर केलं, तर दुसऱ्यासाठी मॅन्चिन यांच्यावर दबाव आणायला हातात काय उरतं? न्यू जर्सीचे गॉटहायमर आणि त्यांचे मवाळ सहकारी नेमकं उलट म्हणत होते: मतदारसंघात दाखवायला पूल हवेत, बाकीचं बघू. सभापती नॅन्सी पेलोसी यांनी त्यांना मतदानाची तारीख दिली, २७ सप्टेंबर. ती गेली. मग ३० सप्टेंबर. तीही गेली.

त्याच ३० तारखेला एक कागद फुटला.

(कागदाचं जवळून दृश्य.)

तारीख २८ जुलै. खाली दोन सह्या, मॅन्चिन आणि सिनेटमधले पक्षनेते चक शूमर. मॅन्चिन यांची कमाल मर्यादा: १.५ लाख कोटी. शूमर यांनी हाताने लिहून ठेवलंय, यातल्या अनेक मुद्द्यांवर जो यांचं मन वळवायचा प्रयत्न करीन. दोन महिने पक्ष ३.५ वर भांडत होता आणि हा कागद खिशात होता.

दुसऱ्या दिवशी बायडेन स्वतः कॅपिटॉलमध्ये आले. बंद दाराआडून बाहेर पडताना म्हणाले, सहा मिनिटं लागोत, सहा दिवस की सहा आठवडे, आपण हे करणार.

(वेस्ट व्हर्जिनिया. ग्रँट टाउनचं वीजकेंद्र. धूर.)

हे ग्रँट टाउन. इथे जळतो तो चांगला कोळसा नाही, खाणींनी टाकून दिलेला दगडमिश्रित भुगा आहे. तो पुरवणारी एनरसिस्टम्स ही कंपनी मॅन्चिन यांनी १९८८ मध्ये काढली. आता ती मुलगा चालवतो. २०२० मध्ये सिनेटर महोदयांना त्यातून सुमारे पाच लाख डॉलर मिळाले, त्यांनीच जाहीर केलेला आकडा. राज्याची जवळपास नव्वद टक्के वीज तेव्हा कोळशाची होती. शेजारच्या फार्मिंग्टन गावात मॅन्चिन लहानाचे मोठे झाले. १९६८ मध्ये तिथल्या खाणीत स्फोट झाला, ७८ कामगार गेले, त्यात त्यांचे मामाही होते. कोळसा त्यांच्यासाठी नुसता धंदा नाही, हेही खरं. महागाई आणि कर्ज वाढेल, हा त्यांचा आक्षेप तेव्हापासून शेवटपर्यंत तोच राहिला.

ऑक्टोबरच्या मध्यावर वीज कार्यक्रम गळाला.

(व्हाइट हाउससमोर उपोषणकर्ते. मूळ आवाज.)

हवामानासाठी लढणाऱ्या सनराइज मूव्हमेंट या तरुणांच्या संघटनेचे हे पाच तरुण.

(वाहनतळ. चंदेरी मासेराती. आंदोलक गाडीसमोर.)

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. गाडीत मॅन्चिन.

या सगळ्यात ॲरिझोनाच्या डेमोक्रॅटिक सिनेटर किर्स्टन सिनेमा कुठे आहेत, असं विचाराल. कर वाढवायला त्यांचा विरोध होता आणि त्याने मॅन्चिन यांच्याइतकंच अडलं. पण त्या कॅमेऱ्यासमोर फारशा आल्याच नाहीत, म्हणून इथेही कमी दिसतात. मार्चमधला हा अंगठा तेवढा आहे: नियमावर अडलेलं किमान वेतन परत आणण्याच्या मतदानात, खाली वळवलेला.

२८ ऑक्टोबरला बायडेन यांनी नवा आराखडा मांडला, १.७५ लाख कोटींचा. त्यात हवामानाला ५५,५०० कोटी. दंड गेला, करसवलती उरल्या. तो घेऊन ते रोमला आणि तिथून ग्लासगोच्या हवामान परिषदेला गेले. भारताने २०७० चं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य जाहीर केलं ते याच परिषदेत. बायडेन यांच्या हातात मात्र अजून कायदा नव्हता, आराखडाच होता. ते परतेपर्यंत व्हर्जिनियात गव्हर्नरपदाची निवडणूक पक्षाने गमावली होती आणि घबराट पसरली होती.

(प्रतिनिधी सभागृह. ५ नोव्हेंबर. रात्र. फलकावर आकडे चढताना.)

इथे नीट बघा. मवाळांनी लेखी शब्द दिला: खर्चाचे अधिकृत आकडे आले की दुसऱ्या विधेयकालाही मत देऊ. त्या शब्दावर जयपाल यांच्या गटातल्या बहुतेकांनी दावं सोडलं. रस्त्यांचं विधेयक मंजूर झालं, २२८ विरुद्ध २०६. तेरा रिपब्लिकन हो म्हणाले, सहा पुरोगामी डेमोक्रॅट नाही म्हणाले. या सहा जणांना त्या आठवड्यात हटवादी ठरवलं गेलं. मवाळांनी आपला शब्द पाळलाही. पण शब्द प्रतिनिधी सभागृहातल्यांचा होता, आणि अडलेलं मत सिनेटमध्ये होतं.

(केविन मॅकार्थी भाषण करताना. घड्याळ. रिकामे बाक.)

१८ नोव्हेंबरची रात्र. रिपब्लिकन नेते मॅकार्थी बोलायला उभे राहिले ते आठ तास बत्तीस मिनिटं. तेव्हाचा विक्रम झाला. सकाळी 'बिल्ड बॅक बेटर'वर मतदान झालं, २२० विरुद्ध २१३. डेमोक्रॅटांपैकी फक्त मेनचे जॅरेड गोल्डन विरोधात.

एक महिना.

(१९ डिसेंबर. फॉक्स न्यूजचा स्टुडिओ. मॅन्चिन विधेयकाला नाही म्हणतात. मूळ आवाज.)

दुसऱ्या दिवशी खाण कामगारांच्या संघटनेनेच मॅन्चिन यांना फेरविचार करायला सांगितलं. काळ्या फुफ्फुसाच्या आजाराने जाणाऱ्या कामगारांच्या भरपाईची तरतूद त्या विधेयकात होती. कुटुंबांना दर मुलामागे मिळणारे महिना २५० ते ३०० डॉलरही डिसेंबरनंतर बंद झाले. अमेरिकेतली बालगरिबी पुढच्या वर्षी ५.२ वरून १२.४ टक्क्यांवर गेली.

पुढचं झपाट्याने घडलं. २०२२ च्या जुलैत महागाईचा आकडा ९.१ टक्के आला आणि मॅन्चिन पुन्हा नाही म्हणाले. २७ जुलैला हो म्हणाले. विधेयकाचं नाव आता 'इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट', हवामान आणि ऊर्जेला ३६,९०० कोटी डॉलर, सोबत समुद्रात तेलासाठी नवे पट्टे. सिनेमा यांनी गुंतवणूक व्यवस्थापकांवरचा कर विधेयकातून काढायला लावला, दुष्काळासाठी पैसे घेतले. ७ ऑगस्टला ५१ विरुद्ध ५०, हॅरिस यांच्या मताने. काळ्या फुफ्फुसाच्या निधीसाठीचा कर कायम झाला. मुलांचे पैसे परत आले नाहीत.

(व्हाइट हाउस. १६ ऑगस्ट २०२२. सही.)

सही करून बायडेन यांनी ते पेन दिलं मॅन्चिन यांना.

२०२४ मध्ये मॅन्चिन उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागेवर रिपब्लिकन जिम जस्टिस आले, त्यांच्याही कुटुंबाचा धंदा कोळशाचा. जुलै २०२५ मध्ये याच रिकन्सिलिएशनच्या वाटेने, ५१ विरुद्ध ५० अशाच मतांनी, स्वच्छ ऊर्जेच्या बऱ्याचशा सवलती मोडीत निघाल्या. विजेवर चालणाऱ्या गाडीची सवलत ३० सप्टेंबरला संपली.