उन्हाळी

(दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, दुपार)

पहाटे डिचोली-पेडण्याकडून निघालेल्या बायका मिरच्या, आमसुलं, केळ्यांचे घड मांडून बसल्या आहेत. पाण्याची बाटली पाठीशी आहे, पण भरलेलीच. पाणी प्यायलं तर जायचं कुठे, आणि तेवढ्यात मालाकडे बघणार कोण?

घरी पोचेपर्यंत लघवीला जळजळ सुरू होते. "उन्हाळी लागली" म्हणायचं, धने-जिऱ्याचं पाणी घ्यायचं. दोष उन्हाला. पण बहुतेक वेळा कारण असतं ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा जिवाणू. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. तेवढं चढून तो मूत्राशयात पोचतो.

(दृश्य: ॲनिमेशन, मूत्राशयाची आतली भिंत)

इथे त्याला भीती एकाच गोष्टीची, लघवीच्या धारेची. म्हणून त्याच्या अंगावर तंतू असतात, आपल्या केसाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके बारीक. टोकाला फिमएच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या पेशींवर मॅनोज ही साखर असते, ती फिमएचच्या खोबणीत नेमकी बसते.

आता नीट बघा. धार सुटली, जिवाणू ओढला गेला. पकड सुटायला हवी, ती उलट आवळते! विहिरीत सोडताना घागरीच्या गळ्याला घालतात तशी सरगाठच ही. ताण आला की फिमएचचे दोन भाग एकमेकांपासून सुटतात आणि साखरेभोवतीची खोबण मिटते. गुंडाळलेला तंतू उलगडत हिसका झेलतो. धार थांबली की पकड सैल, आणि हा पुढे सरकायला मोकळा.

शरीरही गप्प बसत नाही. मूत्रपिंड लघवीत युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन सोडतं. त्याच्यावरही मॅनोज असते. जिवाणू पेशी समजून त्यालाच धरतो आणि वाहून जातो. शिवाय पछाडलेल्या पेशी जिवाणूंसकट भिंतीवरून गळून पडतात.

पण या सगळ्याला धार हवी. तासन्‌तास अडवलेल्या लघवीत ती कुठून येणार? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका होत्या. ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा.

दीड लिटर पाणी काही महाग नाही. बसल्या जागेपासून हाकेच्या अंतरावर स्वच्छ संडास मात्र हवा, आणि तो मागायला आपण लाजता कामा नये.

आणि मावशी, हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागलं, तर जिवाणू मूत्रपिंडापर्यंत चढलेला असू शकतो. तेव्हा धने-जिऱ्यावर दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.