फार्गोची ती रात्र: एलिंग्टनच्या बँडचं एक रेकॉर्डिंग

७ नोव्हेंबर १९४०. अमेरिकेच्या पार उत्तरेला नॉर्थ डकोटा राज्यात फार्गो म्हणून गाव आहे, तिथे क्रिस्टल बॉलरूम नावाचा नाचाचा हॉल होता, आणि त्या रात्री तिथे अमेरिकन जॅझ संगीतकार आणि पियानोवादक ड्यूक एलिंग्टनचा बँड वाजवणार होता. मोठी मैफल वगैरे काही नाही हं, लोक नाचायला येणार, बँड वाजवणार आणि मग पुढचं गाव. स्विंगच्या, म्हणजे नाचायला लावणाऱ्या जॅझच्या जमान्यात सगळे मोठे बँड वर्षानुवर्षं असंच गावोगाव फिरायचे, आणि त्यातल्या बहुतेक रात्री वाजल्या आणि संपल्या, त्यांचा एक सूरसुद्धा आज कुणाकडे नाही.

ही रात्र मात्र आहे. पूर्ण नाही, पण आहे.

कारण जॅक टावर्स आणि डिक बरिस, साऊथ डकोटातले दोन तरुण, एलिंग्टनचे कट्टर फॅन, आधी रीतसर परवानगी काढून आपलं डिस्क कापायचं मशीन घेऊन त्या हॉलमध्ये आले होते. विकायला नाही, फक्त स्वतःला ऐकायला. तेव्हा तिकडे टेप नव्हती, ॲल्युमिनियमच्या पातळ चकतीवर लाखेसारखा मऊ थर दिलेला असायचा आणि बँड वाजत असतानाच सुई त्यात खाच पाडत जायची. कापताना निघणारा बारीक दोरा सतत बाजूला करावा लागायचा, नाहीतर सुई अडकली. खोडायची सोय नाही, परत घ्यायची तर नाहीच. डिस्क भरली की बदलायची, आणि तेवढ्यात जे वाजलं ते गेलं, म्हणून या रेकॉर्डिंगमध्ये काही गाणी अर्धवटच सापडतात.

आता हे एवढं महत्त्वाचं का ते सांगतो. त्या काळात दुकानात मिळायची ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. (ती तबकडी शेलॅकची, आणि शेलॅक म्हणजे आपल्याकडची लाख, आत्ताच्या झारखंड-बंगालच्या जंगलातून निघून बोटीने तिकडे जायची. महायुद्धात तिचा तुटवडा झाला तेव्हा अमेरिकेत नव्या रेकॉर्ड काढण्यावर बंधनं आली.) त्यामुळे स्विंगचं जे संगीत आपल्याला रेकॉर्डवर माहितीये ते सगळं तीन मिनिटांत बसवलेलं. एलिंग्टनने त्या तीन मिनिटांतही कमाल केलीये, ती छोटी रेकॉर्डिंग्ज माझ्या मते विसाव्या शतकातल्या उत्तम संगीतात मोडतात आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. पण हा बँड घड्याळ न बघता, समोर लोक नाचत असताना कसा वाजायचा? ते फार्गोत कळतं. 'सेंट लुईस ब्लूज' तिथे पाच मिनिटांच्या वर चाललंय, आणि बँडला थांबायची कसली घाई नाहीये.

ऐकताना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे हॉल. लोकांचा गलबला, बोलणं, मधेच कुणीतरी ओरडतं. पंधरा वादक: तीन ट्रम्पेट-कॉर्नेटवाले, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवाले, आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. ट्रम्पेट काहीतरी विचारतात, सॅक्सोफोन उत्तर देतात, सरळसरळ सवाल-जवाब, आणि खाली ठेका एकसारखा चालू. बिग बँड म्हणजे जोरात वाजणारं पितळ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं, कारण इथे पंधरा माणसं एकमेकांचं ऐकत वाजवताना स्पष्ट ऐकू येतात. कुणी जरा पुढे गेलं तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात, कुणी सोलोला उभा राहिला आणि तापला तर मागचे त्याला आणखी चढवतात. आज बऱ्याचदा प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड होतं आणि नंतर जोडलं जातं, त्यात सफाई असते, पण हे असं एकमेकांना चढवणं त्यात कसं येणार? मला विचाराल तर ऐंशीच्या वर वर्षं झाली तरी लोक या रेकॉर्डिंगकडे परत येतात ते यासाठीच.

आणि त्या रात्री बँडमध्ये कोण होतं बघा. ट्रम्पेटवाला कूटी विल्यम्स नुकताच सोडून बेनी गुडमन या दुसऱ्या बँडवाल्याकडे गेला होता, त्याच्या जागी आलेला रे नान्स अगदी नवा, बँडमधले त्याचे हे पहिलेच दिवस. ट्रम्पेट वाजवायचा, व्हायोलिन वाजवायचा, गायचासुद्धा. टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, ज्याचा 'स्टार डस्ट'मधला सोलो म्हणजे कुणीतरी शेजारी बसून हळू आवाजात, श्वासासकट बोलतंय असं वाटतं, तो श्वास खरंच ऐकू येतो.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते जिमी ब्लँटनबद्दल. डबल बास, म्हणजे उभं धरायचं मोठं खर्जातलं तंतुवाद्य वाजवणारा, फार्गोला पोचला तेव्हा वय फक्त बावीस. त्याच्या आधी बासवाल्याने बहुतेक मागे उभं राहून ठेका धरायचा, बाकीच्यांना जमीन द्यायची. ब्लँटनने ठेका तर धरलाच पण त्यातून धून काढली, उत्तरं दिली, सोलो घेतले, आणि एलिंग्टनने हे ओळखून त्याला पुढे आणलं. पुढे टीबीने ३० जुलै १९४२ ला तो गेला, वय तेवीस. म्हणजे एलिंग्टनबरोबर त्याला धड तीन वर्षंही मिळाली नाहीत. त्यामुळे फार्गोच्या वाचलेल्या प्रत्येक मिनिटाचं महत्त्व आणखीच वाढतं. त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९४२ ला, अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, मोठ्या कंपन्यांसाठी ती १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. किती संगीत वाजलं आणि नोंदलंच गेलं नाही, कल्पना करा.

फार्गोचं रेकॉर्डिंग रीतसर बाहेर आलं १९७८ ला, तोवर एलिंग्टन जाऊन चार वर्षं झाली होती. १९८० ला त्याला ग्रॅमी मिळालं. जॅक टावर्स पुढे जुनी जॅझ रेकॉर्डिंग्ज साफ करण्यात नावाजला गेला.

आपल्याकडचा धागाही आहे. १९६३ च्या शरद ऋतूत अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर एलिंग्टनचा बँड भारतात आला, मुंबईतही वाजवलं, आणि फार्गोला असलेले जॉनी हॉजेस, हॅरी कार्नी, लॉरेन्स ब्राऊन तेव्हाही बँडमध्ये होते. मुंबईला हे संगीत काही नवं नव्हतं, ताजमहाल हॉटेलात तीसच्या दशकापासून अमेरिकन आणि गोवेकर वादक स्विंग वाजवत होते. त्यातलेच गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायला लागले, १९५१ च्या 'अलबेला'मधली ब्रासची धमाल ऐका, कुठून आली ते लगेच कळेल.

तर फार्गो पहिल्यांदा ऐकणार असाल तर सगळं एका बैठकीत ऐकू नका, दोन-अडीच तासांचा ऐवज आहे. एलिंग्टनच्याच 'को-को' या रचनेपासून सुरू करा. स्टुडिओतलं 'को-को' त्याच वर्षी ६ मार्चला शिकागोत झालेलं, ते आधी एकदा ऐका, मग लगेच फार्गोचं लावा, चांगल्या हेडफोनवर, कारण बास मोबाईलच्या स्पीकरवर येतच नाही. आणि ट्रम्पेट कितीही ओरडू देत, लक्ष ब्लँटनवर ठेवा.