‘ट्रायँगल’ची तिपेडी वेणी: जहाजावरच्या भयपटाचं कथानक कसं विणलंय?

नमस्कार मंडळी.

आज माझ्या हातात तीन दोरे आहेत. लाल, पिवळा आणि काळा. व्हिडिओ संपेपर्यंत यांची वेणी घालायची आहे, म्हणून हे इथे टेबलावर ठेवते. लक्ष असू द्या.

आजचा चित्रपट आहे ‘ट्रायँगल’. साल 2009. दिग्दर्शक ख्रिस्तोफर स्मिथ, ब्रिटिश माणूस, आणि कथाही त्याचीच. गोष्ट घडते अमेरिकेत, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर. चित्रीकरण मात्र ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये झालं. मुख्य भूमिकेत मेलिसा जॉर्ज. मी आज शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, काही राखून ठेवणार नाही. पाहिला नसेल तर व्हिडिओ इथेच थांबवा, चित्रपट पाहा आणि मग या. खरंच सांगते, पहिल्यांदा पाहतानाचा तो गोंधळ पुन्हा मिळत नाही, तो माझ्यामुळे हुकू नये.

थांबलेल्यांसाठी आधी एक साधा प्रश्न. भुताच्या गोष्टीला जहाज का लागतं? वाडा चालतो, हॉस्टेल चालतं, घाटातला बंगला चालतो. मग जहाजच का?

मी लहान असताना आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचनं जायचो. एकदा मधेच इंजिन बंद पडलं. दहा-पंधरा मिनिटंच, पण तो आवाज थांबल्यावर जी शांतता पसरली ना, ती माझ्या अजून लक्षात आहे. बायका बोलायच्या थांबल्या. किनारा दोन्हीकडे दिसत होता आणि कुठल्याच किनाऱ्याला पाय लावता येत नव्हता. वाड्यातून माणूस निदान अंगणात पळू शकतो, जहाजावरून पळायला जागाच नाही. लेखकाला दाराला कुलूप घालावं लागत नाही, समुद्रानं ते आधीच घातलेलं असतं.

बहुतेक लेखक मात्र या कुलपाचा एकाच पद्धतीनं उपयोग करतात. जहाज सापडतं, त्यावर कुणी नसतं, आणि पूर्वी इथे काय घडलं होतं ते आपण हळूहळू शोधत जातो. आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. 2011 च्या जूनमध्ये ‘विस्डम’ नावाचं रिकामं जहाज जुहूच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं होतं. भंगारात तोडायला अलंगला ओढून नेत होते, वाटेत दोर तुटला. ते पाहायला लोकांनी चौपाटीवर गर्दी केली होती, आठवत असेल. पुढे 2020 मध्ये विकी कौशलचा ‘भूत: द हाँटेड शिप’ आला, त्यातही जुहूला लागलेलं रिकामं जहाजच आहे. त्या कथानकाचं तोंड मागे आहे. नायक आत जातो, जुना गुन्हा उकरतो, उत्तर मिळतं. या पद्धतीत वाईट काही नाही, शेकडो गोष्टी अशाच चालतात.

‘ट्रायँगल’चं जहाज वेगळं आहे. त्यावर पूर्वी काय झालं याचं उत्तर चित्रपट देतच नाही. जे घडायचं ते नायिका स्वतःबरोबर घेऊन येते.

गोष्ट थोडक्यात सांगते. जेस एकटी आई आहे. तिच्या मुलाचं नाव टॉमी, तो ऑटिस्टिक आहे. शनिवारची सकाळ. ग्रेग नावाचा मित्र तिला आपल्या शिडाच्या नौकेवर फिरायला बोलावतो. नौकेचं नाव ट्रायँगल. बरोबर सॅली आणि तिचा नवरा डाउनी, सॅलीची मैत्रीण हेदर आणि ग्रेगबरोबर राहणारा तरुण व्हिक्टर. जेस बंदरावर येते तेव्हा मुलगा बरोबर नसतो. तिचा चेहरा उतरलेला, नजर हरवलेली. नौकेवर ती झोपून जाते. मग वारा एकदम पडतो, शीड लोंबतं, आणि पाठोपाठ वादळ. नौका उलटते. हेदर वाहून जाते. तिचं पुढे काय झालं ते चित्रपट कधीच सांगत नाही. उरलेले पाच जण उलट्या नौकेवर बसलेले असताना समोरून एक प्रचंड जुनं प्रवासी जहाज येतं. एओलस. वर कुणीतरी उभं असलेलं दिसतं. हे चढतात, आणि आत कुणीच नसतं.

कॉरिडॉरमध्ये एक किल्ल्यांचा जुडगा सापडतो. किल्ल्या जेसच्याच आहेत. जहाजावरचं घड्याळ आणि जेसच्या मनगटावरचं घड्याळ एकच वेळ दाखवतात, बाकीच्यांची घड्याळं वेगळी. मग एकेक माणूस मरू लागतो. डोक्यावर पोतं घातलेला, हातात बंदूक घेतलेला कुणीतरी त्यांना टिपतो. शेवटी जेस एकटी उरते. डेकवर ती त्या पोतंवाल्याशी झुंजते, कुऱ्हाड उगारून त्याला कठड्याशी रेटते. पोत्याच्या आतून आवाज येतो: घरी जायचं असेल तर त्या सगळ्यांना मारावंच लागेल. आणि ती व्यक्ती समुद्रात पडते.

कुठलाही नेहमीचा भयपट इथे संपला असता. खुनी गेला, नायिका वाचली.

इथे जेसला आरोळ्या ऐकू येतात. ती कठड्यावरून खाली पाहते. खाली उलटी नौका. तिच्यावर तेच पाच जण. त्यांत ती स्वतः.

(दोरे उचलते.)

आता हे बघा. लाल दोरा म्हणजे पहिल्यांदा चढलेली जेस. तिला काहीच माहीत नाही. पिवळा म्हणजे हे सगळं एकदा पाहून झालेली, मित्रांना वाचवायला धडपडणारी. काळा म्हणजे आशा सोडलेली, पोतं डोक्यावर घेतलेली. जहाजावर कुठल्याही क्षणी या तिघी एकाच वेळी हजर आहेत. पाच जण चढले की लालचा पिवळा होतो, पिवळ्याचा काळा, आणि काळा समुद्रात जातो. तिपेडी वेणीत बाहेरचा पेड मधे येतो आणि मधला बाहेर जातो, अगदी तसंच. केस एकाच डोक्याचे.

चित्रपटाची कारागिरी प्रत्येक गाठीत आहे. व्हिक्टरचं बघा. पहिल्या फेरीत तो रक्तबंबाळ होऊन येतो आणि जेसचा गळा धरतो. आपल्याला वाटतं, याला काय झालं? दुसऱ्या फेरीत कळतं. पिवळी जेस त्याला समजावायला जाते, झटापट होते, आणि त्याचं डोकं भिंतीतून आलेल्या लोखंडी टोकावर आदळतं. चुकून. म्हणजे त्याच्यावर खरंच जेसनंच हल्ला केला होता, आणि लाल जेसला त्यातलं काही माहीत नाही. दोघंही खरं बोलतायत. वाचवायला गेली म्हणून मेला! घटना तीच, कॅमेरा फक्त दुसऱ्या पेडावरून पाहतो. पहिल्या अर्ध्या तासात जे जे आपल्याला अतर्क्य वाटलं होतं, ते सगळं एकेक करून तर्कात बसतं, आणि बसताना जास्त भयानक होतं.

आता या चित्रपटातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ढीग.

फेरा कितव्यांदा चाललाय हे प्रेक्षकाला कसं सांगणार? कुणी पात्र उभं राहून सांगेल का, की बाई गं, हे शंभरदा झालंय? स्मिथ एक शब्दही बोलत नाही. जेसला एक चिठ्ठी सापडते: ते चढले तर सगळ्यांना मारून टाक. अक्षर ओळखीचं वाटतं. ती एक कागद ओढते आणि तेच वाक्य स्वतः लिहून पाहते. अक्षर जुळतं. नजर खाली जाते तर तिथे तशाच चिठ्ठ्यांचा खच. म्हणजे ‘अक्षर जुळतंय का पाहू’ हा विचारसुद्धा तिला पहिल्यांदा सुचलेला नाही.

दुसरीकडे गळ्यातलं लॉकेट तुटून जाळीतून खाली पडतं. ती वाकून पाहते, खाली तशाच लॉकेटांची रास. आणि तिसरा ढीग सगळ्यात जीवघेणा. जखमी सॅली सरपटत डेकच्या एका कोपऱ्यात जाते, जीव मुठीत धरून. जेस तिच्या मागोमाग पोचते आणि थबकते. तिथे सॅलीच सॅली पडलेल्या आहेत. डझनांनी. त्याच कपड्यांत, काही ताज्या, काही कुजलेल्या, वर समुद्रपक्षी बसलेले. मरताना प्रत्येक सॅलीला वाटलं असणार की आपल्याला लपायला जागा मिळाली.

मी तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिलाय आणि दर वेळी घशात काहीतरी अडकतं.

जहाजावर एक माहितीची पाटीही आहे. एओलस हा ग्रीकांचा वाऱ्याचा देव, आणि सिसिफसचा बाप. सिसिफस म्हणजे तोच, दगड डोंगरावर ढकलत न्यायचा, वर पोचला की दगड खाली, ये रे माझ्या मागल्या. पुराणात वारे सांभाळणारा एओलस आणि सिसिफसचा बाप एओलस हे बहुधा वेगळे मानतात. चित्रपटानं दोघांना एक केलंय. ते मला चालतं, कारण त्याला वारा आणि शिक्षा दोन्ही एका नावात हवे होते. आठवतंय ना, वादळाआधी वारा पडला होता?

पण बहुतेक जण या पाटीतून फक्त दगड घेतात. मला वाटतं किल्ली दगडात नाही, शिक्षा कशाबद्दल झाली त्यात आहे. सिसिफसनं मरताना बायकोला बजावलं, माझी उत्तरक्रिया करू नकोस. मग मेलेल्यांच्या लोकात जाऊन गळा काढला: बघा, माझे अंत्यसंस्कारसुद्धा केले नाहीत, मला जरा वर जाऊ द्या, बायकोला जाब विचारतो आणि लगेच परत येतो. सोडलं त्याला. आणि तो परत आलाच नाही. मृत्यूला दिलेला शब्द मोडला, ही त्याची चूक.

हे धरून ठेवा आणि आता जमिनीवर चला.

काळी जेस समुद्रात पडते आणि किनाऱ्यावर जागी होते. धावत घरी जाते. खिडकीतून पाहते तर घरात अजून एक जेस आहे. सकाळची. ती टॉमीवर ओरडतेय, त्याला मारतेय, कारण त्यानं रंग सांडलाय. चित्रपटाच्या सुरुवातीला आपण जिला मायाळू आई समजलो होतो ती घरात अशी होती. बाहेरची जेस हातोडीनं घरातलीला मारते, प्रेत गाडीच्या डिकीत टाकते, मुलाला जवळ घेते आणि सांगते की ते वाईट स्वप्न होतं, आता सगळं वेगळं होईल. मला तिचं खरं वाटतं. तिला खरंच बदलायचंय. गाडीवर एक पक्षी आपटतो. ती तो उचलून कठड्यापलीकडे टाकायला जाते, आणि खाली मेलेल्या पक्ष्यांचा ढीग.

चौथा ढीग. जमिनीवर. म्हणजे घरी पोचणं हाही फेऱ्याचाच भाग आहे.

मग अपघात होतो. टॉमी जातो. जेस रस्त्याच्या कडेला सुन्न उभी. एक टॅक्सीवाला जवळ येतो, शांत, अगदी सौम्य बोलणारा. म्हणतो, पोराला आता कुणी वाचवू शकत नाही. कुठे सोडू? ती म्हणते, बंदरावर. तिथे पोचल्यावर तो विचारतो, मी मीटर चालू ठेवतो, तुम्ही परत याल ना? ती हो म्हणते. शब्द देते.

तो टॅक्सीवाला कोण हे चित्रपट सांगत नाही, पण पाटी वाचलेल्याला सांगावं लागत नाही.

चांदोबात विक्रम-वेताळ वाचत मोठे झालेल्यांना इथे एक गोष्ट लगेच जाणवेल. तिथेही फेराच आहे. प्रेत खांद्यावर, गोष्ट, प्रश्न, आणि वेताळ पुन्हा झाडावर. पण तो फेरा सुरू राहतो कशामुळे? राजा तोंड उघडतो म्हणून. प्रत्येक फेऱ्यात असा एक सांधा असतो जिथे माणूस स्वतः काहीतरी करतो. ‘ट्रायँगल’ पाहणारे तो सांधा जहाजावर शोधत बसतात: कोणाला मारलं असतं, कोणाला सोडलं असतं तर सुटली असती? जहाजावर सुटका नाहीच, तिथे तिचा प्रत्येक विचारसुद्धा आधी होऊन गेलेला आहे, चिठ्ठ्यांचा खच पाहिलात ना? सांधा इथे आहे, टॅक्सीच्या दारात. परत जाणं म्हणजे मुलाचा मृत्यू मान्य करणं, आणि ते एक काम कुठल्याही आईला सांगून बघा. ती नौकेकडे वळते ती मुलाला पुन्हा एकदा जिवंत पाहता यावं म्हणून. नौकेवर झोप लागते आणि झोपेत सगळं पुसलं जातं, तो शब्दही, आणि लाल दोरा पुन्हा कोरा होतो.

(वेणीचं टोक हातात धरते.)

म्हणून तुम्हाला एकच काम देते. चित्रपट पुन्हा लावा आणि फक्त बंदरावरचा प्रसंग पाहा, अगदी सुरुवातीचा. पहिल्यांदा पाहताना तो किती साधा वाटतो. जेस येते. ग्रेग विचारतो, टॉमी कुठाय? ती म्हणते, शाळेत. शनिवारी. ग्रेगला मिठी मारते आणि त्याची माफी मागते. कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. त्याला वाटतं, उशीर झाला म्हणून. मेलिसा जॉर्जचे डोळे बघा त्या वेळी. या घटकेला तिला अजून सगळं आठवतंय. ज्याच्या गळ्यात ती पडलीय त्याला थोड्या तासांनी आपणच गोळी घालणार आहोत, हेसुद्धा. आणि मागे कुठेतरी, कॅमेऱ्यात न दिसणारी, एक टॅक्सी उभी आहे. मीटर चालू आहे.