चार्जर नसलेला खोका

घराघरात असा एक ड्रॉवर असतोच. उघडला की वायरींचा गुंता. कुठला चार्जर कशाचा, कुणालाच आठवत नाही. पण टाकवतही नाही.

१३ ऑक्टोबर २०२० ला अ‍ॅपलने नेमकं या ड्रॉवरवर बोट ठेवलं. आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला. कारण दिलं पर्यावरणाचं: आमचे २ अब्जांहून जास्त अ‍ॅडॅप्टर आधीच जगभर आहेत. खोका लहान झाला आणि माल वाहून नेण्याच्या एका पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर, ७० टक्क्यांपर्यंत जास्त खोकी मावू लागली.

हे पटण्यासारखं होतं. पण आता खोक्यातली केबल बघा. चार्जरकडचं टोक छोटं, गोलसर कडांचं यूएसबी-सी. ड्रॉवरमधल्या बहुतेक जुन्या आयफोन चार्जरांचं तोंड मात्र चपटं, यूएसबी-ए. जुनी केबलही जपून ठेवली असेल तर ठीक. नसेल तर नवा चार्जर घ्या. वेगळे पैसे, आणि हो, वेगळा खोका.

तेव्हा सॅमसंगने फेसबुकवर चिमटा काढला होता, आमच्या फोनसोबत चार्जर मिळतो म्हणून. जानेवारी २०२१ मध्ये गॅलेक्सी एस२१ आला. चार्जर गायब. चिमट्याची ती पोस्टही गायब.

ब्राझील सरकारला चार्जरशिवायचा आयफोन पटला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी अ‍ॅपलला सुमारे १ कोटी २२ लाख रेआलचा (तिथलं चलन) दंड ठोठावला. म्हणणं साधं होतं: तुम्ही अर्धवट वस्तू विकताय.

युरोपने दुसऱ्या बाजूने हात घातला. चार्जर द्या की नका देऊ, आधी पिन एक करा. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं झालं. आयफोन त्याआधीच, २०२३ मध्ये, वळला होता. ड्रॉवरमधला चार्जर खरोखर कामाला येतो तो इथे.

चार्जर नाही, हे खोका उघडताच दिसतं. त्याची जाहिरातही करता येते. बॅटरी गोंदाने चिकटवली आहे, हे मात्र खोक्यावर कुणी छापत नाही.

ते कळतं दोन-तीन वर्षांनी, बॅटरी थकली की. दुरुस्तीच्या टेबलावर फोन तापवला जातो. काचेच्या फटीत पातळ पत्री सरकते. कारागीर श्वास रोखून काच उचलतो. चुकून पत्री बॅटरीत घुसली, तर आग.

२० जून २०२५ पासून युरोपात नव्या मॉडेलची बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही किमान ८० टक्के क्षमतेची राहायला हवी. विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग मिळायला हवेत.

टेबलावर काच निघाली. खाली गोंदाचे काळे पट्टे. कारागीर एकेक पट्टा चिमट्याने ओढतोय. तिसरा तुटला.