पाट्या वाचत काठमांडू

(दृश्य: टॅक्सीच्या काचेतून सरकणारी दुकानं, पाट्या, तारांचं जंजाळ)

विमान उतरलं आणि घड्याळ पाव तास पुढे करायला सांगितलं. आई म्हणाली, "पंधरा मिनिटांसाठी कशाला ती उठाठेव?" नेपाळने १९८६ साली आपली वेळ गौरीशंकर शिखराच्या रेखावृत्ताला बांधली, तेव्हापासून काठमांडू आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे.

आईचा हा पहिला परदेश. यायचं होतं पशुपतिनाथासाठी. पण विमानतळाबाहेर पडलो आणि तिचं लक्ष देवाऐवजी पाट्यांवर. सगळं देवनागरीत! ती मोठ्याने वाचत सुटली. चिया पसल. किराना पसल. मासु पसल. पसल म्हणजे दुकान, हे दुसऱ्या वळणापर्यंत कळलं. मासु म्हणजे मासे नव्हेत, मांस. ते टांगलेलं बोकड दिसल्यावर कळलं.

एका फाटकावर 'प्रवेश निषेध'. आई म्हणे, "कोण कुणाचा निषेध करतंय?" कुणीच नाही, आत जायला बंदी आहे एवढंच. सकाळी हॉटेलातल्या वर्तमानपत्रात 'शिक्षामन्त्री' सापडले. शिक्षा म्हणजे इथे शिक्षण. छड्या खाऊन शिकलेल्या माझ्या पिढीला यात फारसा फरक वाटायचा नाही. आणि टॅक्सीवाल्याला म्हणायचं 'दाइ', म्हणजे थोरला भाऊ. ते काही आईच्या तोंडी बसेना. ती आपली "भाऊ, हळू चालवा" म्हणत राहिली, आणि भाऊंना ते कळत होतं.

(दृश्य: बागमती, पहाट)

पशुपतिनाथाला कातडी पट्टा, पाकीट बाहेर ठेवून जावं लागतं. आत पश्चिमेच्या दारासमोर थोरला नंदी, दुमजली सोनेरी छप्पर, आणि गाभाऱ्यात चार दिशांना चार मुखं असलेलं लिंग. पूजा करतात ते भट्ट, मूळचे कर्नाटकातले. रांग सरकत होती तशी आई शांत होत गेली.

दर्शन झाल्यावर आम्ही पलीकडच्या काठावरच्या पायऱ्यांवर बसलो. समोर आर्यघाट. तिथे एका घरची माणसं आपल्या माणसाला निरोप देत होती. अग्नी देण्याआधी पाय बागमतीच्या पाण्याला लावतात. कॅमेरा मी तिथे बंद केला, म्हणून तुम्हाला आत्ता फक्त नदी दिसते आहे. आई बराच वेळ उठली नाही.

दुपारी 'खाजा घर' अशी पाटी दिसली आणि ती एकदम खुलली. तिच्या डोक्यात आमच्या जत्रेतला, गुळात घोळलेला, आल्याच्या वासाचा खाजा. इथे खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. आम्ही शाकाहारी सांगितलं, तर ताटात आलं ते असं: परतलेले सोयाबीन, म्हणजे भटमास, बटाट्याचं झणझणीत लोणचं, डाळीचं जाडसर धिरडं, ज्याला बारा म्हणतात, आणि मध्ये पांढऱ्या पोह्यांचा ढीग. कोरडा. आईने कुजबुजत विचारलं, "भिजवायचे राहिले का रे?" नाही आई, असेच खातात.

(दृश्य: हनुमान ढोका, वसंतपूर)

जुना राजवाडा चौकांचा आहे, आपल्या वाड्यासारखा: नासल चोक, मूल चोक. बाहेर शेंदराने चेहरा पूर्ण झाकलेला हनुमान बसलाय, १६७२ सालचा. जवळच काष्ठमंडप, ज्याच्यावरून शहराला नाव पडलं. लाकडी, उघडा, वाटसरूंच्या मुक्कामाचा. २५ एप्रिल २०१५ला, शनिवारी, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला, तेव्हा तिथे रक्तदान शिबिर चालू होतं. रक्त द्यायला आलेल्यांवर तो कोसळला. आज दिसतोय तो पुन्हा उभारलेला. खांबांवरचं नवं कोरीवकाम अजून उजळ आहे. आईने एका खांबाला हात लावून पाहिला आणि काढून घेतला.

मला मात्र खिळवून ठेवलं एका शिळेने. राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीत ती बसवलेली आहे. राजा प्रताप मल्लाने १६५४ साली कोरून घेतलेली, कालिका देवीची स्तुती, पंधरा भाषांत म्हणे. राजाला भाषांचा भारी अभिमान! ओळींमागून ओळी, अक्षरांची वळणं बदलत जातात, आणि मध्येच रोमन लिपीत फ्रेंचमधला शरद ऋतू आणि हिवाळा. सतराव्या शतकातल्या काठमांडूत! शिळेत मधोमध एक तोटी आहे. हा लेख जो अथपासून इतिपर्यंत वाचेल, त्याच्यासाठी तिच्यातून दूध येईल, असं लोक सांगतात.

आईने चष्मा पुसला. कठड्यावरून वाकून एक ओळ लावायला घेतली. तीन अक्षरं जमली, चौथ्याला अडली. "देवनागरीच वाटतंय, पण नाहीये." तोटी कोरडी ती कोरडीच.

(दृश्य: स्वयंभूच्या पायऱ्या, माकडं)

शेवटच्या दिवशी स्वयंभू, टेकडीवरचा बौद्ध स्तूप. ३६५ पायऱ्या, शेवटच्या टप्प्यात अगदी उभ्या. आई दर वीस पायऱ्यांना थांबत आणि माकडांपासून पिशवी सांभाळत चढली. वर पांढरा घुमट, त्याच्यावर सोनेरी चौकोन, चारही बाजूंना बुद्धाचे डोळे. डोळ्यांच्या खाली, नाकाच्या जागी, एक वळसा काढलेला. शेजारी एक परदेशी जोडपं आपल्या वाटाड्याला विचारत होतं, देवाच्या तोंडावर प्रश्नचिन्ह का काढलंय?

मी आईला विचारलं, "तुला काय दिसतंय?"

धाप लागलेली. तिने वर पाहिलं, क्षणभरच.

"काय म्हणजे? एक आहे तो. आपला एक."

आणि पिशवी पदराखाली घेऊन ती प्रदक्षिणेला लागली.