दुसरी टिक

नमस्कार श्रोतेहो.

समुद्राला लागून घर असलेल्या कुणालाही विचारा, गाज ऐकू येते का? तो क्षणभर थांबतो, कान देतो आणि म्हणतो, 'हो, येते की!' म्हणजे विचारेपर्यंत ती येत नव्हती. लाटा फुटतच होत्या, मेंदूनं त्यांना उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. मुंबईहून आलेला पाहुणा मात्र पहिली रात्र कूस बदलत काढतो.

गाज सवयीची व्हायला काही दिवस लागतात. पण मेंदूत याहून कितीतरी चपळ गाळणी आहे आणि तिचं काम मोजता येतं. डोक्याला इलेक्ट्रोड लावून कानात एक 'टिक' वाजवतात, अर्ध्या सेकंदानं हुबेहूब तशीच दुसरी. मग आठ-दहा सेकंद थांबून पुन्हा जोडी. प्रत्येक टिकनंतर साधारण 50 मिलिसेकंदांनी आलेखात एक बारीक लहर उमटते. तिला पी-50 म्हणतात. ती इतकी बारीक असते, की अनेक जोड्यांची सरासरी काढल्याशिवाय दिसतच नाही. बहुतेकांत दुसऱ्या टिकची लहर पहिलीपेक्षा पुष्कळ लहान येते. 'हे आत्ताच ऐकलं' म्हणून मेंदू ती दाबतो. 1982 साली अमेरिकेत ॲडलर, फ्रीडमन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे ज्या मानसिक आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, भ्रम होतात, त्याच्या बऱ्याच रुग्णांत दुसरी लहर दबतच नाही.

म्हणून ही चाचणी करून निदान होतं असं समजू नका. काही निरोगी नातेवाइकांतही गाळणी सैल आढळते, आणि इतर मानसिक आजारांतही. शिवाय या रुग्णांच्या कानात बोलणारे आवाज का येतात, हे एवढ्यानंच समजत नाही. त्यात आणखी एक बिघाड असावा असं मानतात: आपण बोलताना मेंदू स्वतःलाच आगाऊ वर्दी देतो, की हा आवाज आपलाच. या आजारात ती वर्दी कच्ची पडते.

दुसरी टिक दाबण्याच्या कामात मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या लगाम घालणाऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो. त्यांना जागं करणाऱ्या एका ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, तंबाखूतलं निकोटिनही बसतं. निकोटिननं गाळणी थोडा वेळ सुधारते. या रुग्णांत बिडी-सिगारेटचं प्रमाण इतकं जास्त का, याचं हे एक संभाव्य कारण. पण ही सुधारणा टिकत नाही आणि वर धूर गोळीचं गणित बिघडवतो. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही या आजारावरची औषधं यकृत ज्या विकरानं (एन्झाइमनं) मोडतं, ते धुरानं वाढतं. म्हणून ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी उरतं. श्रावण पाळायचा म्हणून बिडी एकदम सोडली, की काही दिवसांत त्याच डोसाचं औषध रक्तात चढतं. गुंगी येते, तोल जातो, लाळ गळते, क्लोझापिन फार चढलं तर फिटही येऊ शकते. बिडी सोडावीच, पण आधी डॉक्टरांना सांगून. मशेरी किंवा चघळायच्या तंबाखूचा हा परिणाम नाही, कारण विकर वाढवतो तो धूर, निकोटिन नव्हे. (मशेरीला ही परवानगी नव्हे!)

आता गणपतीचं घर डोळ्यांसमोर आणा. झांजा, मृदंग, ओटीवर गप्पा, स्वयंपाकघरात मिक्सर, पत्र्यावर पाऊस. आपण यातून एक धागा उचलतो. ज्याची गाळणी सैल, त्याच्यावर सगळं एकाच जोरानं येतं. तो परसात जाऊन बसला तर 'माणसात बसायला नको याला' म्हणू नका. आरतीला मागं, दाराजवळ उभं राहू द्या, मधूनच उठून जाता येईल असं. एक खोली रिकामी ठेवा, तिथं टीव्ही नको. बोलायचं असेल तर आधी मिक्सर बंद करा. समोर या, नावानं हाक मारा, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि उत्तराला वेळ द्या. इथंच बहुतेक घरं चुकतात: उत्तर आलं नाही म्हणून तेच वाक्य दुसरा, मग तिसरा, आवाज चढवून सांगतो. म्हणजे गर्दीत आणखी भर.

जागरण टाळा. पाहुण्यांच्या धांदलीत रात्रीची गोळी राहते, तेव्हा ती कुणी द्यायची हे आधीच ठरवा. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण गोळी चुकवून नाही.

ओळीनं दोन रात्री झोप नाही, आवाज वाढले किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर विसर्जनापर्यंत थांबू नका. रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरबसल्या सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फोन करताना गोळ्यांची पाकिटं हाताशी ठेवा. नमस्कार.