तबेला बघायला जाताना

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक झाली की घराघरांत एकच हट्ट सुरू होतो. मावळ्याच्या वेशात घोड्यावर बसलेली पोरं बघितलेली असतात, शाळेला सुट्टी असते, आणि "मलापण घोडा शिकायचाय" हे पालुपद काही थांबत नाही. हल्ली यात मोठी माणसंही आहेत. कुणी पुण्या-बंगळूरहून गावी परततो, हौसेनं घोडा घ्यायचं ठरवतो, आणि घरी जागा नाही म्हणून कुणाच्या तरी तबेल्यात ठेवायचा बेत करतो. आजचं बोलणं या दोघांसाठी आहे.

घोडा घेणाऱ्यांना आधी एक विनंती. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. तुम्ही निदान एक पावसाळा बारगीर राहा. त्याच तबेल्याच्या घोड्यावर शिका, खरारा करा, लीद उचला. जिथं शिकता तिथलं सगळं तुम्हाला आपोआप दिसत जाईल, आणि उद्या स्वतःचा घोडा तिथं बांधायचा की नाही हे कुणाला विचारावं लागणार नाही.

आता तबेला बघायला कधी जायचं? रविवारी सकाळी फोन करून गेलात तर घोडे चकचकीत, अंगण झाडलेलं, मालक पांढऱ्या शर्टात. त्यातनं काही कळत नाही. जुलैत जा, पावसाची झड लागलेली असताना. खानापूरच्या बाजूला तर जा'च'. ओल्या जमिनीत, लीद-मुतात घोडा दिवसरात्र उभा राहिला की खुराच्या तळव्यातला मऊ भाग सडायला लागतो आणि काळा, घाण वासाचा पू येतो. घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला म्हणावं, "मामा, जरा पाय उचलून दाखवा." पाय उचलताना घोडा कसा वागतो आणि मामा कसे वागतात, हेही त्यातच दिसतं. खूर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात. आपल्याकडं बैलांना पत्री ठोकणारे नालबंद आहेत, पण बैलाचा खूर दुभंगलेला आणि घोड्याचा अखंड, काम वेगळं आहे. घोड्याचा नालबंद कुठून येतो, मागच्या खेपेला कधी आला होता, हे विचाराच.

घोडा बांधतात त्या खणात गेल्यावर खाली वाका. उभं राहिल्यावर वास येत नाही, पण गुडघ्याएवढ्या उंचीवर डोळे चुरचुरले तर तो मुताचा अमोनिया. घोडा तिथंच तोंड घालून वैरण खातो, तिथंच आडवा होतो. फुप्फुसं बिघडतात ती अशी. एका मोठ्या घोड्याला साधारण बारा फूट बाय बारा फूट जागा लागते. जांभ्याच्या भिंती, उंच छप्पर आणि आरपार वारा असला की आपल्या हवेत घोडा सुखी. बसक्या पत्र्याची शेड एप्रिलमध्ये भट्टी होते. गुळगुळीत फरशी दिसायला छान, पण घोडा घसरतो. आणि तिथले घोडे दिवसभर मागचे पाय पिछाडीला बांधून उभे असतील तर मोकळं कधी सोडता असं विचारा. "सोडतो की, रोज सोडतो" असं उत्तर आलं तर कुठं सोडता तेही दाखवा म्हणावं. त्या जागेत टापांच्या खुणा असायला हव्यात.

वैरणीपाशी मात्र मी तुम्हाला जरा थांबवणार आहे. आपला मुलूख गाई-म्हशींचा. चिकोडी, रायबाग, अथणीकडं उसाचं वाढं मुबलक, गोठ्यामागं हत्ती गवत लावलेलं. म्हशीला जे चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही, आणि इथले बरेच तबेले मुळात गोठे होते. हत्ती गवतात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसत्या त्याच गवतावर ठेवलेल्या घोड्याची हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो. ज्वारीची कोवळी हिरवी ताटं विषारी ठरू शकतात. वाळलेला, स्वच्छ कडबा चांगला. भुईमुगाचा पालाही चांगला, पण झाडून, झटकून दिलेला. नाहीतर त्याच्याबरोबरची माती आतड्यात साठते. मक्याला बुरशी लागली असेल तर तो दाणा घोड्याच्या थेट मेंदूवर जातो. आंधळ्यासारखा भिंतीला डोकं लावून उभा राहतो, आणि त्यावर औषध नाही. म्हणून पोत्यात हात घालून मूठभर मका बाहेर काढा, हुंगा. मालकाला राग आला तर येऊ दे.

अजून एक गोष्ट, आणि ही फार थोड्या लोकांना ठाऊक असते. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असू शकतं. गुरांच्या काही खाद्यांतही असतं. कोंबडीला ते सोसतं, घोड्याच्या हृदयाचा स्नायू मात्र त्यानं थोड्या मात्रेतही निकामी होतो. ज्या खोलीत घोड्याची चंदी, म्हणजे दाणा ठेवतात तिथंच पोल्ट्रीची पोती रचलेली दिसली, तर दुसरा तबेला बघा. मी यात तडजोड करणार नाही.

दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सगळी चंदी एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून. कारण घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानानं लहान असतं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढंच जाणार. अडलं की पोटशूळ. घोडा जमिनीवर पाय आपटतो, वळून वळून कुशीकडं बघतो, बसतो-उठतो, लोळतो, लीद बंद होते. हे बहुतेक वेळा रात्री कुणाच्या तरी नजरेला पडावं लागतं. म्हणून माझ्या लेखी तबेल्यातला सगळ्यात मोठा प्रश्न हा: रात्री इथं कोण झोपतं? मालक बेळगावात, मोतद्दार गावात, आणि घोडे शिवारात कुलपामागं, असा कारभार असेल तर बाकीचं सगळं चांगलं असूनही उपयोग नाही. रात्री झोपणाऱ्या माणसाशी बोला. तो कानडी बोलत असेल, हिंदी बोलत असेल, मोडकं तोडकं का होईना बोला. घोड्याच्या अंगाचं तापमान किती असतं ते त्याला विचारा. निरोगी घोड्याचं साडेसदतीस ते साडेअडतीस सेल्सियस. थर्मामीटर कुठं आहे हे त्याला माहीत असलं तरी पुष्कळ. १९६२ या नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं, पण घोड्यावर हात बसलेले डॉक्टर आपल्याकडं मोजकेच. तबेल्याचे डॉक्टर कोण आणि ते किती लांब राहतात, ते नाव कळल्याशिवाय घोडा बांधू नका.

आता शिकणाऱ्यांकडं वळतो. मालक म्हणेल, "साहेब, आमची घोडी एकदम गरीब, लहान पोरगंसुद्धा बसतंय." असू दे. तुम्ही त्या गरीब घोडीची पाठ बघा. खोगीर टेकतं तिथं पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथं कधीतरी जखम झाली होती. तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखाली केस घासलेत का, ओठांचे कोपरे फाटलेत का, ते बघा. लगामाचं तोंडातलं लोखंड हातात घेऊन चाचपा. काटेरी लगामाला जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी तो वरातीच्या घोड्यांना सर्रास दिसतो. तसला लगाम लावून शिकवणारा तुम्हाला हात हलका ठेवायला कसा शिकवणार?

पहिले काही दिवस शिकवणाऱ्यानं लांब दोरीवर गोल फिरवावं आणि तुमच्या हातात लगाम देऊच नये. आधी मांड जमली पाहिजे, दुडक्या चालीत तोल राहिला पाहिजे. पहिल्याच दिवशी रपेट मारायला रस्त्यावर नेणारा चाबुकस्वार पोरांना आवडतो, आई-बापांना आवडता कामा नये. घोडेस्वारीचं हेल्मेट हवं, मोटारसायकलचं नको. बुटाला थोडी टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडताना अडकला तर घोडा फरफटत नेतो. वजनाचाही हिशेब आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर दिसतात तसं तीनशे किलोचं तट्टू असेल तर साठ किलो, खोगिरासकट. आपल्यातल्या बऱ्याच जणांना आधी मोठा घोडा शोधावा लागेल. मला तर लागतोच.

पैशाचं थोडक्यात सांगतो. महिन्याच्या रकमेत काय काय येतं ते कागदावर घ्या: वैरण, चंदी, मोतद्दार, नालबंद, जंताचं औषध, धनुर्वाताची लस. तुम्ही परगावी असाल आणि रात्री घोडा आजारी पडला तर खर्चाचा निर्णय कोण घेणार, तेही लिहा. आणि एक ओळ न विसरता: माझ्या परवानगीशिवाय घोड्यावर दुसरं कुणी बसणार नाही. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं वराती सुरू होतात, आणि हौसेनं सांभाळलेला घोडा रात्री डीजेपुढं नाचून आल्याचं घोड्याच्या मालकाला पाठीवरच्या गुलालावरून कळतं.

शेवटी, घोडा बाहेरून आणणार असाल तर. अकलूजच्या बाजारातून, सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडे आपल्याकडं येतात. कोगनोळी नाक्यावरून आत आणायच्या आधी पशुवैद्यकाचा दाखला हवा आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झालेली हवी. या तपासणीचं देशातलं मुख्य ठिकाण म्हणजे हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. ग्लँडर्स घोड्यापासून माणसालाही होतो, आणि लागण निघाली की कायद्यानं घोडा संपवावा लागतो. म्हणून नवा घोडा आल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या बादलीवर, वेगळ्या खराऱ्यावर ठेवतात. तशी जागा आहे का, हे विचारा. "कशाला हो, बांधा की आजच, ह्यांच्यातच" असं उत्तर आलं तर घोडा टेंपोतून उतरवूच नका.

नमस्कार.